पटावरची डोकी आणि पाटीवरची नजर

दुसरीच्या वर्गात गणिताचा तास चालू आहे. हातच्याच्या चार बेरजा फळ्यावर लिहून बाई वळतात न वळतात तोच पहिला आवाज येतो, "बाई, माझं झालं!" मग दुसरा, मग मागच्या बाकावरून तिसरा. वह्या घेऊन मुले टेबलाभोवती गोळा होतात. ज्यांचे बरोबर आलेले असते ती आधी पोचतात, कारण त्यांचे आधी होते. हातचा कुठे मांडायचा हेच ज्याला उमगलेले नाही, तो जागेवरच शेजाऱ्याच्या वहीत डोकावत बसतो. घंटा होते. त्याची वही त्या दिवशी कोणी पाहत नाही.

एक साधा हिशेब करू. तास चाळीस मिनिटांचा. हजेरी आणि आवराआवरीत पाच मिनिटे गेली, तर उरली पस्तीस, म्हणजे २,१०० सेकंद. बाईंनी बाकी सगळे सोडून एकेका मुलाची वहीच पाहायची ठरवली, तर साठांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. पन्नासांच्या वर्गात ४२, पंचविसांच्या वर्गात ८४ आणि पंधरांच्या वर्गात १४०. साठांतून दहा मुले कमी केली तर वाढतात सात सेकंद, पंचविसांतून तेवढीच कमी केली तर छप्पन्न. दोन्हीकडे दहाच मुले कमी झाली, पण फरक आठपट पडला.

वर्ग लहान केला तर मुले जास्त शिकतात का, हा प्रश्न शिक्षकाला विचारला तर तो हसेल. यात विचारायचे काय? अर्थखात्यातला अधिकारी मात्र हसणार नाही. तो विचारेल, किती जास्त शिकतात, आणि त्यासाठी किती शिक्षक लागतील? वर्ग अर्धा करायचा म्हणजे शिक्षक दुप्पट करायचे, आणि शिक्षणावरच्या सरकारी खर्चात पगाराइतकी मोठी बाब दुसरी नसते. या दोन माणसांच्या मधल्या जागेत गेली पन्नास वर्षे संशोधन चालू आहे. त्यातून हाती आलेले उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढे सुटसुटीत नाही, पण गोंधळाचेही नाही.

साधी तुलना का फसवते

मोठा वर्ग ही एके काळी अडचण नव्हती, युक्ती होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल या पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तिच्यासारखीच पद्धत वापरून एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसवली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही थोरली मुले धाकट्यांकडून उजळणी म्हणून घेत. 'मॉनिटर' हा शब्द आजही आपल्या वर्गांत आहे. काम मात्र बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्यापुरते उरले आहे.

आता मोठा वर्ग ही अडचण मानली जाते, पण वर्गाच्या आकाराचा परिणाम मोजायचा तर सोपी वाट म्हणजे मोठ्या आणि लहान वर्गांतल्या मुलांचे गुण शेजारीशेजारी मांडणे. ही वाट हमखास चुकीच्या गावी नेते. तालुक्याच्या ठिकाणी नावाजलेल्या शाळेत प्रवेशासाठी रांग लागते आणि तिथे एका तुकडीत सत्तर मुले कोंबलेली असतात. शेजारच्या शाळेत पंचवीसच, कारण ज्यांना शक्य होते ते पालक मुले घेऊन गेले. गुण पाहिले तर सत्तरांचा वर्ग पुढे. म्हणजे गर्दीने मुले हुशार होतात असे नाही. गर्दी होते तीच चालणाऱ्या शाळेत. उलट, काही शाळांत मुख्याध्यापक कच्च्या मुलांची तुकडी मुद्दाम लहान ठेवतात. तिथे लहान वर्गाचे गुण कमीच दिसणार.

या प्रश्नावरचा अमेरिकेतला गाजलेला वाद इथूनच सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जीन ग्लास आणि मेरी ली स्मिथ यांनी तोवरच्या ७७ अभ्यासांची गोळाबेरीज केली. वर्ग लहान होतो तशी शिकण्यात भर पडते, पण ही भर खरी ठळक होते ती वर्ग विसाच्या खाली गेल्यावर, असा त्यांचा निष्कर्ष होता. सेकंदांचा आपला हिशेबही याच आकाराची रेघ काढतो. पुढे अर्थशास्त्रज्ञ एरिक हनुशेक यांनी ५९ अभ्यासांतले २७७ अंदाज तपासले. त्यांतल्या १५ टक्क्यांत लहान वर्गाचा फायदा दिसत होता, १३ टक्क्यांत तोटा, आणि उरलेल्यांत काहीच स्पष्ट नव्हते. मग पैसा कशाला ओतायचा, असा त्यांचा सवाल होता. ॲलन क्रूगर यांनी त्यावर बोट ठेवले ते मोजणीवर. थोड्याच अभ्यासांतून डझनावारी अंदाज उचलले गेले आहेत. प्रत्येक अभ्यासाला एकच मत दिले तर पारडे लहान वर्गाकडे झुकते. आकडे दोघांचे तेच होते. भांडण होते ते कोणाचे मत किती वेळा मोजायचे यावर.

असे वाद युक्तिवादाने मिटत नाहीत. त्यासाठी मुले वर्गांत वाटतानाच चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

टेनेसीतल्या चिठ्ठ्या

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९८५ साली हेच केले. 'स्टार' या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगात ७९ शाळा होत्या. बालवर्गात येणारी मुले आणि शिक्षक दोघांचीही विभागणी नशिबावर सोडली गेली. काही मुले १३ ते १७ जणांच्या लहान वर्गात गेली, काही २२ ते २५ जणांच्या नेहमीच्या वर्गात, तर काही नेहमीच्याच आकाराच्या पण शिक्षकाबरोबर पूर्णवेळ मदतनीस असलेल्या वर्गात. हा प्रकार तिसरीपर्यंत, म्हणजे चार वर्षे चालला आणि त्यात एकूण साडेअकरा हजारांच्या आसपास मुले येऊन गेली. चौथीपासून सगळी पुन्हा नेहमीच्या वर्गांत गेली.

लहान वर्गातली मुले वाचन आणि गणित दोन्हींत पुढे निघाली. ही आघाडी साधारण ०.२ प्रमाण विचलन इतकी होती. संख्याशास्त्राचा हा शब्द बाजूला ठेवून सांगायचे तर, शंभर मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी केली आणि मधोमध पन्नासाव्या जागेवरच्या मुलाला लहान वर्गाचा लाभ दिला, तर ते मूल साधारण अठ्ठावन्नाव्या जागेपर्यंत सरकते. हा चमत्कार नव्हे, पण नगण्यही नाही. गरीब घरांतल्या आणि कृष्णवर्णीय मुलांना हा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला. क्रूगर यांच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक लाभ पहिल्याच वर्षात पदरात पडत होता. नंतरच्या वर्षांत भर पडत होती ती थोडीथोडी. म्हणजे मूल शाळेत बसायला शिकते, ऐकायला शिकते, 'मला येत नाही' हे सांगायला शिकते, त्या वयात लहान वर्गाचे मोल सर्वांत जास्त.

मदतनीस असलेल्या वर्गाला जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. धोरण आखणाऱ्यांना हा निष्कर्ष आजही अडचणीचा वाटतो, कारण मदतनीस शिक्षकापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. दुसरे प्रौढ माणूस वर्गात उभे असले म्हणून वर्ग लहान होत नाही, असाच त्याचा अर्थ लागला. त्या माणसाला नेमके काय काम दिले यावर सगळे अवलंबून असते, हे पुढे मुंबईने दाखवले. त्याकडे येऊच.

बऱ्याच वर्षांनी राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या नोंदी त्यांच्या मोठेपणीच्या करनोंदींशी जोडल्या. लहान वर्गात शिकलेल्यांपैकी विसाव्या वर्षी कॉलेजात असलेल्यांचे प्रमाण १.८ टक्के-अंकांनी जास्त होते. कमाईत मात्र वर्गाच्या आकारामुळे ठोस फरक आढळला नाही. त्याच अभ्यासात बालवर्गाची शिक्षिका किती अनुभवी होती याचा संबंध मोठेपणीच्या कमाईशी दिसला. वर्गात किती मुले होती याच्याइतकेच, समोर कोण उभे होते हेही महत्त्वाचे होते.

प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. काही पालकांनी खटपट करून मुलांना लहान वर्गात हलवले, काही मुले मधेच शाळा सोडून गेली, आणि आपण प्रयोगात आहोत हे शिक्षकांना ठाऊक होते. हे सगळे खरे आहे. तरी फेरतपासणीत मूळ निष्कर्ष बराचसा टिकला.

एकेचाळिसावा मुलगा

चिठ्ठ्या टाकणारे सरकार वारंवार भेटत नाही. म्हणून संशोधकांनी नियमांतल्या फटी शोधल्या. बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस याने सांगून ठेवले होते, की पंचवीस मुलांना एक शिक्षक पुरे. संख्या त्यापुढे गेली तर मदतनीस द्यावा आणि चाळिसाच्या वर गेली तर दोन शिक्षक नेमावेत. इस्रायलच्या सरकारी शाळांत वर्गाची कमाल मर्यादा चाळीसच आहे. त्यामुळे एखाद्या इयत्तेत चाळीस मुले असतील तर चाळिसांचा एकच वर्ग भरतो. एकेचाळिसावे मूल आले की वीस आणि एकवीस असे दोन वर्ग होतात. चाळीस आणि एकेचाळीस पटाच्या शाळांत एरवी फार फरक नसतो. फरक असतो तो वर्गाच्या आकारात. या फटीतून जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी यांनी १९९९ साली दाखवले, की लहान वर्गांत पाचवीच्या मुलांचे गुण वाढतात, चौथीत थोडे वाढतात, तिसरीत नाहीत.

वीस वर्षांनी याच दोघांनी नवे सहकारी घेऊन नव्या, मोठ्या माहितीवर तोच अभ्यास पुन्हा केला. या वेळी परिणाम दिसलाच नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष आपणच मागे घेणारे संशोधक विरळा, म्हणून हा प्रसंग या विषयात आदराने सांगितला जातो. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. मर्यादेच्या जरा वर पट असलेल्या शाळा अपेक्षेपेक्षा जास्त होत्या. एखादे मूल जास्त दाखवले की आणखी एक वर्ग मिळतो, हे शाळांना कळत होते. चिलीमधल्या खासगी शाळांचा पट ४५ च्या मर्यादेभोवती असाच जुळवून आणलेला सापडला होता.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन आणि एकशे वीसपर्यंत चार असे टप्पे आहेत. शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या वेळी एकसष्टावे नाव पटावर असणे म्हणजे एका शिक्षकाचे पद वाचणे. साठावर अडकलेल्या शाळेतले गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीत दारोदार का फिरतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात सगळ्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची लाखो मुले वर्गांत सापडली नाहीत. त्यामागे अनुदानाचे आणि पोषण आहाराचे गैरव्यवहार होतेच, पण मुळाशी एक साधी रचना होती. पद पटावर अवलंबून असेल, तर पट हा शिकण्याचा आकडा राहत नाही, नोकरीचा होतो.

युरोपातले निष्कर्षही एका सुरात नाहीत. स्वीडनमध्ये दहा ते तेरा वर्षांच्या वयात लहान वर्गांत शिकलेल्या मुलांना पुढे सत्ताविसाव्या वर्षानंतरही जास्त पगार मिळत असल्याचे २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसले. शेजारच्या नॉर्वेत अशाच पद्धतीने शोधूनही परिणाम सापडला नाही. फ्रान्सने २०१७ पासून सर्वांत गरीब वस्त्यांतल्या पहिलीच्या वर्गांतली मुलांची संख्या थेट बाराच्या आसपास आणली. पहिल्या वर्षीच्या मूल्यमापनात वाचन-लेखनात ०.०८ आणि गणितात ०.१३ प्रमाण विचलन इतकी भर दिसली. वर्ग निम्मा केल्यावर टेनेसीपेक्षाही कमी हाती लागले. एक कारण असे असू शकते. शिकवण्याची रीत चोविसांच्या वर्गातलीच राहिली, तर बारा मुलेही तेच आणि तसेच ऐकतात.

पूर्व आशियाचा दाखला हमखास दिला जातो. सिंगापूरमध्ये वरच्या प्राथमिक वर्गांत चाळीसपर्यंत मुले बसतात आणि तरी आंतरराष्ट्रीय चाचण्यांत तो देश वरच्या क्रमांकावर असतो. दाखला खरा आहे, अर्धा. तिथे शिक्षक निवडक असतात, त्यांच्या प्रशिक्षणात सातत्य असते, आणि शाळेनंतर शिकवणीवर पालक बराच खर्च करतात. शिवाय सिंगापूर स्वतः पहिली-दुसरीचे वर्ग तिसाच्या आसपास ठेवते, आणि जपानने २०२१ साली कायदा बदलून प्राथमिक वर्गांची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने चाळीसवरून पस्तीसवर आणायचे ठरवले. ज्यांचा दाखला आपण देतो, त्यांनाही चाळीस जास्त वाटू लागले आहेत.

पैसा आला, शिक्षक कुठून आणायचे

टेनेसीचे निकाल पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ साली घाई केली. बालवर्ग ते तिसरीपर्यंतचे तिसाच्या आसपासचे वर्ग विसावर आणायचे आणि त्यासाठी शाळांना दर मुलामागे पैसे द्यायचे, असे ठरले. वर्षाचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. काही महिन्यांत हजारो नवे शिक्षक हवे होते. वर्गखोल्या कमी पडल्या म्हणून ग्रंथालये आणि संगीताच्या खोल्या रिकाम्या झाल्या, आवारात तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या. चांगल्या वस्त्यांतल्या शाळांत जागा निघाल्यावर गरीब वस्त्यांतले अनुभवी शिक्षक तिकडे गेले आणि त्यांच्या जागी अर्धवट पात्रतेचे नवखे आले. पुढच्या अभ्यासांत वर्ग लहान झाल्याचा फायदा दिसला, पण नवख्या शिक्षकांमुळे त्यातला काही भाग परत गेला. ज्या मुलांसाठी हे सगळे सर्वांत जास्त कामाचे होते, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कच्चे शिक्षक आले.

प्रयोगात एक वर्ग लहान करणे आणि राज्यभर सगळे वर्ग लहान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी हाताशी असलेले चांगले शिक्षक पुरतात. दुसऱ्यासाठी ते आधी घडवावे लागतात.

ऐंशी मुलांचे वर्ग

आतापर्यंतची आकडेवारी पंधरा-वीस-तीस मुलांच्या वर्गांची होती. जिथे वर्ग खरोखर फुगलेले आहेत तिथे काय होते? पश्चिम केनियात २००५ साली एस्तेर दुफ्लो, पास्कालिन दुपा आणि मायकेल क्रेमर यांनी पहिलीच्या वर्गांना एकेक जादा शिक्षक दिला. ऐंशीच्या वर गेलेले वर्ग सरासरीने पंचेचाळीसच्या आसपास आले. वर्ग जवळजवळ निम्मा होऊनही जुन्या कायम शिक्षकांकडे राहिलेल्या मुलांत फारशी सुधारणा दिसली नाही. जादा माणूस आल्यावर हे कायम शिक्षक वर्गात कमी दिसू लागले. कंत्राटी शिक्षकांकडे गेलेली मुले मात्र बरीच पुढे गेली. काही शाळांत मुलांची विभागणी त्यांना आधी काय येत होते त्यावरून केली होती; तिथे दोन्ही गटांचा फायदा झाला. शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर उतरता आले, हे त्याचे कारण.

आता मुंबई. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' कार्यक्रम चालवला आणि अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी त्याची चाचणी घेतली. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, थोडेसे प्रशिक्षण, मानधन तुटपुंजे. तिसरी-चौथीतली पंधरा-वीस कच्ची मुले ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे, कधी रिकाम्या खोलीत तर कधी चक्क व्हरांड्यात. शिकवायचे ते त्यांच्या इयत्तेचे नव्हे, तर पहिली-दुसरीत निसटलेले: अक्षरे, जोडशब्द, शंभरापर्यंतचे आकडे. पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी भर पडली.

आपल्या प्रश्नासाठी यातला कळीचा तपशील वेगळाच आहे. ही पंधरा-वीस मुले बाहेर गेली तेव्हा मूळ वर्ग रोज दोन तास आपोआप लहान होत होता. तिथे पूर्ण पात्रतेच्या, अनुभवी बाई होत्या. मागे राहिलेल्या मुलांना त्याचा काहीच लाभ झालेला दिसला नाही. सगळी भर बाहेर नेलेल्या मुलांची होती. टेनेसीत मदतनीस निष्फळ ठरला, मुंबईत बालसखी फळली. तिला स्वतःची मुले मिळाली आणि ती कुठे अडली आहेत हे तिला ठाऊक होते.

कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या शंभर ग्रामीण शाळांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक दिला, तेव्हा दोन वर्षांत मुलांची प्रगती सुमारे ०.१५ प्रमाण विचलन इतकी जास्त झाली. यातून कंत्राटी नेमणुका बऱ्या असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढलेल्या पिढीला त्या मोहाची किंमत माहीत आहे. या अभ्यासांतून सिद्ध होते ते एवढेच, की जादा माणूस मुलांना उत्तरदायी असेल आणि त्याला नेमके काम असेल तर तो उपयोगी पडतो.

दहा मुले, चार इयत्ता

महाराष्ट्राचे चित्र या जागतिक चर्चेत नीट बसत नाही. आपल्याकडे दोन टोके एकाच राज्यात आहेत. महानगरांच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांतल्या शाळा, त्यांत खासगी इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आल्या, पन्नास-साठांचे वर्ग भरवतात. दुसऱ्या टोकाला वाड्या-पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. कायद्याने मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. त्यात मुले कमी जन्मू लागली, घरे शहराकडे सरकली आणि खासगी शाळेची पिवळी बस दारापर्यंत आली. २०२३ साली लहान शाळा एकत्र आणण्याच्या 'समूह शाळा' योजनेची चर्चा पेटली, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक असल्याचे समोर आले होते.

पुस्तकी हिशेबाने या शाळा जगातल्या सर्वोत्तम शाळा ठरायला हव्यात. अठरा मुले आणि दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे नऊ! टेनेसीच्या लहान वर्गाहूनही लहान. प्रत्यक्षात अशा द्विशिक्षकी शाळेत सकाळी काय दिसते? एका खोलीत पहिली आणि दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी आणि चौथी. मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींना केंद्रावर बैठकीला बोलावले आहे, म्हणून दोन्ही खोल्या आज बाईंकडे. चौथीला भागाकार, तिसरीला पाढे, दुसरीला उतारा लिहायला दिला आणि पहिलीतल्या दोन मुलींना 'म'चे वळण. बाई भागाकार समजावत असताना मोबाइलवर संदेश येतो, माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरा. तेवढ्यात आहाराचे तांदूळ मोजायला हाक येते. अठरा मुलांतल्या कोणाच्या वाट्याला किती सेकंद आले, हे बाईंनाही सांगता येणार नाही. 'आम्हाला शिकवू द्या' ही राज्यातल्या शिक्षकांची घोषणा अशाच सकाळींतून आली.

विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आणि वर्गाचा पट या दोन गोष्टी एक नाहीत, हा मुद्दा इथे उघडा पडतो. पाच इयत्ता, साठ मुले आणि दोन शिक्षक ही शाळा कायद्याच्या चौकटीत अगदी व्यवस्थित बसते. प्रमाण तीसास एक. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सांगितलेल्या तिसाच्या मर्यादेलाही ती जवळपास पोचते. पण प्रत्येक शिक्षकासमोर दोन-तीन इयत्ता आणि त्या इयत्तांच्या आत आणखी पाच-सहा पातळ्या. 'असर' या शैक्षणिक पाहणीत वर्षानुवर्षे दिसते, की देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीच्या बहुसंख्य वर्गांना इतर इयत्तांबरोबर बसवलेले असते. बहुवर्ग अध्यापन आपल्याकडे अपवाद नसून रूढी आहे, आणि शिक्षक पदविकेच्या अभ्यासक्रमापासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळी मांडणी मात्र 'एक शिक्षक, एक वर्ग, एक इयत्ता' असे गृहीत धरते.

मिश्र वर्ग म्हणजे शापच असेही नाही. शेजारच्या कर्नाटकात १९९० च्या दशकात हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून सुरू झालेल्या 'नली-कली'त पहिली ते तिसरीची मुले मुद्दाम एकत्र बसतात. शिकण्याची शिडी कार्डांवर मांडलेली असते आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवरून चढते. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने रुजवलेली ही कल्पना तमिळनाडूपर्यंत गेली. कोलंबियातली 'एस्कुएला नुएवा' १९७० च्या दशकापासून एकशिक्षकी शाळांसाठी हेच करत आली आहे. साहित्य, प्रशिक्षण आणि वेळापत्रक मिश्र वर्गासाठीच रचले तर दहा मुलांची शाळा चालते. चार इयत्तांची चार पुस्तके एका बाईंच्या हातात देऊन ती चालत नाही.

आणि ती बंद करून चार मैलांवरच्या समूह शाळेत मुले पाठवली तर? तिथे प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग, खेळायला सवंगडी, कदाचित ग्रंथालयही मिळेल. पानशेतच्या समूह शाळेच्या प्रयोगाकडे समर्थक त्यासाठीच बोट दाखवतात. विरोधक विचारतात, पावसाळ्यात ओढा भरल्यावर बस येईल का, आणि सहावीतल्या मुलीला आई रोज पाठवील का? वर्गाच्या आकारावरचे संशोधन या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण ज्या मुलाची शाळाच सुटली त्याचे गुण कोणत्याच चाचणीत येत नाहीत.

हाती काय लागते

पन्नास वर्षांच्या या खटाटोपातून पक्के काय सांगता येईल? वर्ग लहान केल्याने लाभ होतो, पण तो मध्यम असतो आणि कोठेही, कोणालाही सारखा मिळत नाही. तो पहिली-दुसरीत जास्त, पुढे कमी. गरीब घरातल्या मुलाला जास्त, कारण बाईंच्या वाट्याचे सेकंद घरी भरून काढणारे त्याला कोणी नसते. संशोधक पीटर ब्लॅचफोर्ड यांच्या इंग्लंडमधल्या वर्गनिरीक्षणांतही याच्याशी मिळतेजुळते आढळले. वर्ग मोठा झाला की सर्वांत आधी कच्च्या मुलाचे लक्ष भरकटते. साठाचे पन्नास केले तर वर्गाची हवा थोडी मोकळी होते, शिकण्यात मोठी उडी येत नाही. आणि शिकवण्याची रीत बदलली नाही तर पंचविसाचे पंधरा करूनही पैसा वाया जाऊ शकतो.

पालकांनी हे धोरणकर्त्यांच्या आधी ओळखले आहे. पन्नासांच्या इंग्रजी वर्गाची फी भरणारे आईबाप संध्याकाळी त्याच मुलाला चाळीतल्या ताईंकडे शिकवणीला पाठवतात. तिथे आठ-दहा मुले सतरंजीवर बसलेली असतात आणि ताई प्रत्येकाच्या वहीवर बोट ठेवून विचारते, "हे कसं आलं?" लहान वर्गाची किंमत बाजाराने केव्हाच ठरवली आहे. ज्याला ती परवडत नाही, त्याच्याकरता ती द्यायची की नाही एवढेच सरकारला ठरवायचे आहे.

म्हणून पैसा मोजकाच असेल तर तो राज्यभर सगळ्या वर्गांवर पातळ पसरण्यात शहाणपण नाही. शहरी गरीब वस्त्यांतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांना तो आधी द्यावा, आणि तिथे येणाऱ्या जादा शिक्षकाला बालसखीसारखे नेमके काम द्यावे. वाड्यांवरच्या शाळांना तिसऱ्या शिक्षकाइतकीच गरज आहे ती बहुवर्गासाठी रचलेल्या साहित्याची आणि शाळेच्या वेळात बैठकी, माहिती, मोजणी यांपासून सुटकेची.

संच मान्यतेच्या तक्त्यात आज मुलांची संख्या आणि मंजूर पदे असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी दोन वाढवायला फारसा खर्च येणार नाही: एका शिक्षकासमोर एकाच वेळी किती इयत्ता बसतात, आणि महिन्याच्या कामाच्या दिवसांतले किती दिवस तो शिक्षक पूर्णवेळ वर्गात होता. या दोन रकान्यांसाठी खोटी नावे घालून भागणार नाही. आणि ते प्रामाणिकपणे भरले गेले, तर दुसरीच्या त्या वर्गात हातच्यावर अडून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा निदान एखाद्या सरकारी कागदावर कुठे तरी दिसू लागेल. त्याची वही मात्र तरीही बाईंनाच पाहावी लागणार आहे, आणि ती घंटा व्हायच्या आत.